आकाशातून वाचलेली रणभूमी : अनमोड घाटापासून झुआरीकाठापर्यंत

बेळगावहून गोमंतकाकडे येणारा रस्ता खानापूर आणि लोंढा मागे टाकून रामनगरास पोहोचतो आणि तेथून अनमोडकडे वळून घाट उतरू लागतो. कुलदेवतेच्या दर्शनासाठी घाटावरून खाली येणाऱ्या अनेक महाजन कुटुंबांना हा मार्ग तोंडपाठ आहे. रामनगर हे आज जोयडा तालुक्यातील एक गजबजलेले नाक्याचे गाव. काळी नदीवर सुपा येथे धरण बांधले गेले, जुने सुपे गाव जलाशयाच्या पोटात गेले आणि तेथील विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन रामनगरात झाले. ज्या तालुक्याला पूर्वी सुपे या गावाचे नाव होते त्याचे मुख्य ठाणेही जोयड्यास हलले. एकाच पिढीत एवढी उलथापालथ सोसलेल्या या मुलखात त्याआधीच्या काळाच्या खुणा शोधणे सोपे नाही, आणि त्यातही युद्धाच्या खुणा शोधणे तर फारच कठीण. कारण या मार्गावरून गेलेले अलीकडचे युद्ध अवघ्या दोन दिवसांत आटोपले.

डिसेंबर १९६१ मधील ‘ऑपरेशन विजय’ची हकीकत वाचकांस सामान्यपणे विदित आहे. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या आधिपत्याखालील १७ व्या पायदळ डिव्हिजनकडे मुख्य चढाईचे काम होते. त्या डिव्हिजनच्या ६३ व्या ब्रिगेडने १८ डिसेंबर रोजी अनमोडहून दोन फळ्यांनी आगेकूच केली. उजव्या फळीत दुसरी बिहार बटालियन होती, डाव्या फळीत तिसरी शीख. मोले येथे दोन्ही फळ्या एकत्र आल्या आणि पुन्हा निरनिराळ्या वाटांनी फोंड्याच्या रोखाने निघाल्या. रात्र पडेपर्यंत बिहारी सैनिक खांडेपारला आणि शीख सैनिक दारबांदोड्यास पोहोचले होते. वाटेत प्रतिकार असा झालाच नाही. सैन्याला जे थांबावे लागले ते शत्रूच्या गोळीबारामुळे नव्हे, तर नद्यांवरील पूल उडवून दिलेले होते म्हणून.

या एका गोष्टीत पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे. ज्या युद्धात तोफा फारशा धडाडल्या नाहीत, खंदकांतून महिनोन्‌महिने सैन्ये समोरासमोर बसली नाहीत, त्या युद्धाने भूमीवर काय लिहून ठेवले? आणि जे लिहिले ते सहा दशकांनंतर वाचता येईल का? जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्यास याचे उत्तर सहसा सापडत नाही. त्यासाठी वर जावे लागते.

उंचावरून भूतकाळ वाचण्याची ही विद्या मुळात युद्धानेच जन्मास घातली, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. बलूनमधून छायाचित्रे घेण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये १८५८ सालीच झाले होते आणि इंग्लंडातील स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाचे छायाचित्र १९०६ साली लष्करी बलूनमधून घेतले गेले. परंतु या साऱ्याला शास्त्राचे स्वरूप आले ते पहिल्या महायुद्धानंतर. शत्रूचे खंदक, तोफांची ठाणी, दारूगोळ्याचे साठे शोधण्यासाठी दोन्ही पक्षांच्या विमानांनी लक्षावधी छायाचित्रे घेतली. ती वाचणारे अधिकारी हळूहळू अशा गोष्टी पाहू लागले की ज्यांचा चालू युद्धाशी काहीही संबंध नव्हता. शेतांखाली पुरून गेलेल्या जुन्या वसाहती, बुजलेले कालवे, विस्मृत तटबंद्या. मेसोपोटेमियात काम करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल बीझली या इंजिनिअर अधिकाऱ्याला सामर्रा या अब्बासी खलिफांच्या ओसाड राजधानीचा आराखडा विमानातून पाहताना नकाशासारखा उलगडलेला दिसला. खाली चालणाऱ्याला तेथे केवळ मातीचे उंचवटे दिसत असत. बीझलीने आपली निरीक्षणे १९१९ साली लंडनच्या भूगोलविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली.

पण या विद्येचा खरा पाया घातला तो ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज गृहस्थाने. महायुद्धात विमानातील निरीक्षक म्हणून काम केलेला हा मनुष्य १९२० साली ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्यात पुरातत्त्वाधिकारी झाला. हवाईदलाने सरावासाठी घेतलेल्या छायाचित्रांचे गठ्ठे त्याने चाळले. स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा जो भाग शेतीत लुप्त झाला होता तो त्याने १९२३ साली अशाच जुन्या छायाचित्रांतून शोधून काढला आणि खणून खात्री करून घेतली. अलेक्झांडर कीलर याच्या सहकार्याने त्याने १९२८ साली काढलेला वेसेक्स प्रांताच्या हवाई चित्रांचा ग्रंथ या शास्त्राचा आद्यग्रंथ मानला जातो. कचेरीतल्या दप्तरांत पडून राहिलेल्या कागदाला योग्य वाचक भेटला की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आता या खुणा वरून दिसतात तरी कशा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिली छायाखूण. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा वीतभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो. त्या सावल्यांच्या रेषांतून नष्टप्राय तटबंदीचा किंवा बुजत आलेल्या चराचा आकार उमटतो. भर दुपारी तोच भूभाग सपाट दिसतो. दुसरी मृदाखूण. नांगरलेल्या शेतात चर बुजवलेल्या जागी मातीचा रंग आजूबाजूपेक्षा निराळा असतो. तिसरी, आणि सर्वांत विस्मयकारक, ती पीकखूण. जेथे कधीकाळी खंदक होता तेथे माती खोल व ओलसर असते, म्हणून तेथील पीक उंच आणि अधिक काळ हिरवे राहते. जेथे जमिनीखाली दगडी भिंत आहे तेथे मुळांना ओल मिळत नाही, म्हणून तेथील पीक लवकर पिवळे पडते. अवर्षणाच्या वर्षी हा फरक अधिकच स्पष्ट होतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी अशा खुणा एकाएकी प्रकट झाल्या होत्या.

याखेरीज आणखी एक साधन आहे. विमान सरळ रेषेत जाताना ठरावीक अंतराने चित्रे घेते आणि प्रत्येक चित्राचा साधारण साठ टक्के भाग पुढच्या चित्रात पुन्हा येतो. अशी लगतची दोन चित्रे स्टिरिओस्कोप नावाच्या दुहेरी भिंगाखाली ठेवली की डोळ्यांसमोर डोंगरदऱ्या उठावाने उभ्या राहतात. सर्वेक्षण खात्याचे नकाशे कैक वर्षे याच पद्धतीने तयार झाले.

युद्धाच्या खुणा शोधण्यात या विद्येने काय साधले याची यादी लांबलचक आहे. त्यातील दोनच उदाहरणे पुरेत. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ५२ मध्ये गॉल लोकांच्या अलेसिया या डोंगरी नगराला वेढा घातला, त्याभोवती खंदकांच्या दोन रांगा खणल्या आणि त्याचे वर्णन स्वतःच लिहून ठेवले. हे अलेसिया फ्रान्समध्ये नेमके कोठे होते यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ या काळात एका जागी उत्खनन करविले, तरी शंका पूर्णपणे मिटल्या नाहीत. पुढे रने गोगे या वैमानिक संशोधकाने वर्षानुवर्षे घेतलेल्या छायाचित्रांत त्या पठाराभोवतालच्या शेतांतून खंदकांच्या रेषा उमटलेल्या दिसल्या आणि १९९१ ते १९९७ या काळातील फ्रेंच-जर्मन उत्खननाने त्या पडताळल्या. दोन हजार वर्षे त्यावर नांगर फिरला होता. दुसरे उदाहरण बेल्जियममधील फ्लँडर्सचे. पहिल्या महायुद्धातील खंदक युद्ध संपताच शेतकऱ्यांनी बुजविले आणि पुन्हा शेती सुरू केली. गेंट विद्यापीठातील बिर्गर स्टिखेलबाऊट यांनी युद्धकाळातच घेतलेली हजारो हवाई छायाचित्रे गोळा करून ती आजच्या नकाशांवर बसविली, तेव्हा आज बटाट्याचे शेत असलेल्या जागी कोणता खंदक, कोणते तळघर व कोणते तोफेचे ठाणे होते ते सांगता येऊ लागले. हे काम केवळ विद्वानांच्या हौसेचे नाही. जर्मनीत तर बांधकामाला हात घालण्यापूर्वी दुसऱ्या महायुद्धातील हवाई छायाचित्रे तपासून न फुटलेले बॉम्ब कोठे पुरलेले असतील याचा अंदाज घेण्याची पद्धत रूढ आहे. चित्रात मोठ्या खड्ड्यांच्या रांगेत एखादे लहानसे छिद्र दिसले, तर तेथे बॉम्ब पडला पण फुटला नाही असे समजावे लागते.

ही साधने हाती घेऊन आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळावे.

१९६१ साली पोर्तुगीज सेनाधिकाऱ्यांपाशी संरक्षणाच्या दोन योजना होत्या. ‘प्लानु सेंतिनेला’ या योजनेनुसार गोव्याचे चार संरक्षण विभाग पाडण्यात आले होते. दुसरी योजना अडथळ्यांची, म्हणजे ‘बाराजेंस’ची : पूल उडवावेत, रस्त्यांत व किनाऱ्यांवर सुरुंग पेरावेत आणि भारतीय सैन्याची गती शक्य तितकी मंद करावी. डिचोली, शापोरा व अस्नोडा येथील पूल १८ डिसेंबरच्या पहाटे उडविण्याचे हुकूम सुटले. त्याच दिवशी बाणस्तारीचा पूल गेला आणि पणजीचा रस्त्याने असलेला संबंध तुटला. बोरीचा पूलही उद्ध्वस्त झाला. लिस्बनहून सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा संदेश पाठविला होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा याने तो पाळला नाही आणि १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजता शरणपत्रावर सही केली. त्याबद्दल त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याची प्रतिष्ठा परत मिळाली. गोमंतकीयांनी त्याला याबाबतीत तरी दोष देण्याचे कारण नाही.

तेव्हा या युद्धाने भूमीवर जी खूण ठेवली ती मुख्यत्वे पुलांची. हवाई चित्र वाचणाऱ्यास अशी खूण ओळखण्याची एक सोपी रीत आहे. जुना रस्ता सरळ नदीकाठापर्यंत येतो आणि तेथे एकाएकी संपतो. समोरच्या काठावर त्याच रेषेत त्याचे दुसरे टोक दिसते. आणि थोड्या अंतरावर वाकडी वाट करून गेलेल्या नव्या रस्त्यावर नवा पूल उभा असतो. जुन्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना झाडांच्या रांगा पूर्वीसारख्याच असतात, घरांची तोंडे त्याच दिशेला असतात, पण वाहतूक मात्र निघून गेलेली असते. अर्थात प्रत्येक असा तुटलेला रस्ता युद्धामुळेच तुटला असे नव्हे. पूर, जीर्णता आणि वाढती रहदारी यांमुळेही पूल बदलतात. म्हणून चित्रात दिसणारी रेषा ही फक्त प्रश्न उपस्थित करते. उत्तर कागदपत्रांत किंवा वृद्धांच्या स्मृतीत शोधावे लागते.

चौथ्या शीख बटालियनची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. ती १९ डिसेंबरच्या पहाटे खांडेपारास आली. बोरीचा पूल नाहीसा झालेला. तरी ती तेथे अडून राहिली नाही. सैनिकांनी आपल्या वाहनांतून झुआरी ओलांडली, छातीइतक्या पाण्यातून एक ओढा पार केला आणि राय गावच्या धक्क्यावर चढून मडगावचा रस्ता धरला. पुढे वेर्ण्यास त्यांना प्रतिकार झाला, तो मोडून ते दाबोळीकडे गेले. खाजने, मानशी, बांध आणि ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलाची पात्रे यांचे जाळे वरून पाहिले म्हणजे ही वाट का निवडली गेली ते एका दृष्टिक्षेपात कळते. पावलांच्या खुणा भरतीने त्याच दिवशी पुसल्या असतील. पण भूमीच्या ज्या रचनेने ती वाट ठरविली ती रचना अजून बरीचशी जागेवर आहे.

दाबोळीची गोष्ट याच्या उलट. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी तेथील धावपट्टीवर काही मिनिटांत सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. नियंत्रण मनोरा आणि प्रवाशांची इमारत मात्र हेतुपुरस्सर वाचविण्यात आली. दुसरा हल्ला आठ विमानांनी झाला. त्या सकाळी दाबोळीचे चित्र घेतले असते, तर धावपट्टीवरील खड्ड्यांच्या रांगा अभ्यासाच्या पुस्तकात छापण्यासारख्या दिसल्या असत्या. तथापि खड्डे घाईघाईने तात्पुरते बुजविण्यात आले आणि त्याच रात्री उरलेल्या धावपट्टीच्या तोकड्या लांबीवरून दोन पोर्तुगीज विमाने उडून गेलीही. पुढे १९६२ साली विमानतळ भारतीय नौदलाकडे आला आणि धावपट्टी दुरुस्त झाली. सर्वांत मोठा घाव अशा रीतीने सर्वांत लवकर भरून निघाला. ज्या जागेचा उपयोग चालू राहतो तेथे युद्धाची खूण टिकत नाही. जी जागा सोडून दिली जाते तेथे ती टिकते. ‘आफोंसु द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका झुंजीनंतर बांबोळी-दोनापावलाच्या किनाऱ्यावर रुतून राहिली होती. १९६२ साली ती मुंबईस ओढून नेली आणि भंगारात काढली. वर्षभर वरून कोणालाही दिसली असती अशी ती खूण. आता तिचे अवशेष पाहायचे तर मुंबईतील नौदलाच्या संग्रहालयात जावे लागते.

जुन्या युद्धांकडे वळले तर चित्र आणखी मनोरंजक होते. अंत्रुज महालातील वाचकांना १६८३ चा प्रसंग सांगावयास नको. कोंद द आल्व्होर या व्हाइसरॉयने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. छत्रपती संभाजी महाराज मदतीस धावून आले आणि व्हाइसरॉयला दुर्भाटच्या बाजूने माघार घ्यावी लागली. पाठोपाठ २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेट घेतले आणि ते सोडविण्यासाठी दुसऱ्या दिवशी गेलेल्या व्हाइसरॉयचा पराभव झाला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यातील पोर्तुगीज कागदांच्या आधारे हा सारा इतिहास उजेडात आणला. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्या कागदांत जागांची नावे आहेत, तारखा आहेत, सैन्यसंख्या आहेत. नाही तो जमिनीचा आकार. जुव्याचे हवाई चित्र शेजारी ठेवून ते कागद वाचले म्हणजे बेटाभोवतीची खाजने, नदीचे पात्र आणि मध्यावरची टेकडी यांचा परस्परसंबंध समजतो, आणि रात्रीच्या हल्ल्यात मराठ्यांना ओहोटी किती उपयोगी पडली असेल याचा तर्क करता येतो.

वसईचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. चिमाजी आप्पांनी फेब्रुवारी ते मे १७३९ असा वेढा चालविला. उत्तरेकडील जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकविले, सांत सेबास्तियांव बुरुजाखाली सुरुंग लावले आणि १६ मे रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या. आज विमानातून वसईकडे पाहिले तर किल्ल्याचा बहुकोनी तट आणि त्याचे टोकदार बुरूज झाडीतूनही ओळखू येतात. चुना-दगडात बांधलेले टिकते. परंतु मराठ्यांचे मोर्चे वाळू आणि मातीत खणलेले. ते पावसाळ्यागणिक ढासळत गेले. म्हणून विजेत्यांच्या परिश्रमांची खूण भूमीवर कमी आणि पराजितांच्या तटाची खूण अधिक, असा उफराटा प्रकार येथे झाला आहे. सिंधच्या वाळवंटात किंवा मृत समुद्राकाठी असे होत नाही. मसादाच्या कड्याभोवती रोमन सैन्याने इ. स. ७३ च्या सुमारास घातलेली वेढ्याची भिंत आणि आठ छावण्यांचे चौकोन आजही वरून जसेच्या तसे दिसतात, कारण तेथे पाऊसच नाही. कोकण आणि घाटमाथा यांचे नशीब तसे नाही.

हीच अडचण रामनगर-अनमोड परिसरात पराकोटीस जाते. अतिवृष्टीचा प्रदेश, जांभा दगडाची भूमी आणि वर दाट अरण्य. या जंगलातील मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो आणि घाटाखाली भगवान महावीर अभयारण्य लागते. विमानातून घेतलेल्या साध्या छायाचित्रात येथे झाडांचे शेंडेच तेवढे दिसतात. पीकखुणेला येथे पीकच नाही. म्हणून अशा भूमीसाठी गेल्या काही दशकांत पुढे आलेली लायडरची पद्धत महत्त्वाची ठरते. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसर किरणांचे असंख्य ठोके खाली पाठविले जातात. बहुतेक पानांवर आपटून परततात. पण काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परत येतात. परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते आणि पानांवरून परतलेले ठोके गणिताने वगळले की झाडे काढून टाकल्याप्रमाणे उघडी जमीन पडद्यावर येते. कंबोडियातील अंकोरच्या अरण्यात २०१२ साली अशा पाहणीने रस्ते, बांध आणि वस्त्यांचे जाळे प्रकट केले. फ्रान्समधील व्हर्दूनच्या जंगलाखाली तोफगोळ्यांचे खड्डे आणि नागमोडी खंदक आजही किती दाट आहेत हेही त्यातूनच दिसले. घाटमाथ्यावरील जुने घाटरस्ते, जकातीच्या चौक्या, लहान गढ्या आणि छावण्यांची सपाटीकरणे यांचा माग काढण्यास दुसरे समर्थ साधन नाही.

मात्र येथेच सर्वांत अधिक सावधगिरी हवी. चर दिसला की खंदक, खड्डा दिसला की बॉम्ब, असे म्हणण्याचा मोह उत्साही मंडळींना फार होतो. वनखाते रोपवनात गुरे शिरू नयेत म्हणून भोवती लांबच लांब चर खणते. हत्तींना अडविण्यासाठीही चर खणले जातात. वरून पाहता ते हुबेहूब खंदकासारखे. परंतु रोपवनाचा चर हद्दीच्या रेषेने सलग जातो, तर लढाईचा खंदक मुद्दाम मोडून मोडून खणलेला असतो, की एका टप्प्यात गोळा फुटला तरी त्याचा मारा पुढच्या टप्प्यात जाऊ नये. कुमरी शेतीसाठी पूर्वी तोडलेले जंगलाचे तुकडे, कोळशाच्या भट्ट्यांची वर्तुळे, डिचोली-सांग्याकडील खाणींचे खड्डे व मातीचे ढीग, रेल्वेसाठी माती उपसलेल्या जागा, या प्रत्येकाची आकृती वेगळी ओळखता आली पाहिजे. कॅसलरॉकहून कुळेपर्यंत उतरणारा रेल्वेमार्ग १८८८ साली पूर्ण झाला. त्याच्या बांधणीसाठी घाटात जे कापकाम आणि भराव झाले त्यांचे अवशेष अनभ्यस्त डोळ्याला तटबंदीसारखे दिसू शकतात. दुसऱ्या बाजूने, १९५५ साली गोव्याची आर्थिक नाकेबंदी होऊन हाच मार्ग बंद पडला आणि सीमेवरची हालचाल थबकली, याचा परिणाम म्हणजे कित्येक वर्षे न वापरलेल्या वाटा आणि चौक्या. त्या युद्धाच्या नव्हेत, पण संघर्षाच्या खऱ्याखुऱ्या खुणा आहेत. घाईने काढलेल्या निष्कर्षाने स्थानिक इतिहासाचे जेवढे नुकसान होते तेवढे अज्ञानानेही होत नाही. एकदा एखाद्या चराला ‘मराठ्यांचा खंदक’ असे नाव पडले की पुढच्या शंभर वर्षांत ते पुसता येत नाही.

आता हे सारे करण्याची घाई का? कारण घाट बदलतो आहे. बेळगाव-पणजी रस्त्याचे रुंदीकरण, रेल्वेच्या दुपदरीकरणाचा प्रस्ताव, वीजवाहिनीचे काम, यांवरून २०२० पासून मोलेच्या अरण्याविषयी मोठा वाद झाला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द ठरविली. त्या वादात झाडे, जनावरे आणि पाणी यांचा विचार झाला आणि तो योग्यच होता. भूमीवरील जुन्या खुणांचा उल्लेख मात्र क्वचितच आला. ज्या उतारावरून १९६१ चे सैन्य उतरले, ज्या घाटवाटांवरून त्यापूर्वी शतकानुशतके व्यापारी आणि फौजा गेल्या, त्याच उतारावर आज यंत्रे चालतात. जंगलाने झाकलेली खूण टिकते, पण यंत्राने कापलेली परत येत नाही.

साधनांची टंचाई पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. पूर्वी आपल्या देशात हवाई छायाचित्रे संरक्षण खात्याच्या परवानगीवाचून मिळत नसत आणि अभ्यासकाला ती पाहण्यासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयीचे नियम मोठ्या प्रमाणात शिथिल केले. अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली आठ लाखांहून अधिक छायाचित्रे १९९५ साली खुली करण्यात आली आणि आज ती कोणालाही मागविता येतात. सुपा धरणाचे पाणी चढण्यापूर्वीचा, खाणी वाढण्यापूर्वीचा, नवे पूल होण्यापूर्वीचा काळ नेमका हाच आहे. गावठाणांच्या मोजणीसाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननेच चित्रे घेतली जातात. त्यांचा हेतू मालमत्तेचे पत्रक देणे हा असला, तरी त्या चित्रांत बांध, तळी, जुने रस्ते आणि पडक्या भिंती येतातच. एका कामासाठी घेतलेले चित्र दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हा तर या विद्येचा पिढीजात स्वभाव.

उरते ते साक्षीदारांचे काम. अनमोड, मोले, खांडेपार, उसगाव, बोरी, राय या गावांत १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत सैन्य कोठे थांबले, वाहने कोणत्या काठावरून पाण्यात उतरली, कोणत्या वळणावर झाडे आडवी पाडली होती, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या बोटाखाली हवाई चित्र ठेवले तर एखादी अस्पष्ट रेषा अचूक नावानिशी ओळखली जाईल. आणि पाहणीसाठी ऋतू निवडायचाच तर तोही या तारखांशी जुळतो. पावसाळा सरून गवत सुकू लागलेले, आकाश निरभ्र, सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि सकाळच्या सावल्या लांब. घाटमाथ्यावर छायाखुणा टिपण्यास मार्गशीर्षातल्या या सकाळी सर्वांत अनुकूल असतात, आणि अनमोडहून दोन फळ्या निघाल्या तेव्हाचा उजेडही हाच होता.